लॅपटॉपवरचा ब्लास्ट

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी डीएनए किंवा प्रथिनांचे सिक्वेन्स (घटकांचा क्रम) ताडून पाहणारा, अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा ‘ब्लास्ट प्लस’ प्रोग्रॅम विंडोज लॅपटॉपवर टाकला. ‘एनटी’ हा डीएनए-आरएनए सिक्वेन्सचा डेटाबेस उतरवताना डिस्कच भरली. काय चुकलं? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अगं, एनटी म्हणजे शेकडो जीबींचा डोंगर! काम प्रथिनांचं असेल तर ‘स्विसप्रॉट’ घे, तो त्यामानाने चिमुकला. आणि फोल्डरचं नावही जपून ठेव. मी तर डेटाबेसच्या फोल्डरला ‘माझा प्रकल्प’ असं नाव देऊन बसलो होतो. मधल्या मोकळ्या जागेमुळे ब्लास्टला डेटाबेस सापडेना. दोन रात्री गेल्या. तू सी ड्राइव्हवरच्या फोल्डरला सलग, इंग्रजी अक्षरांतलं नाव दे आणि ‘ब्लास्टडीबी’ (BLASTDB) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगमधल्या नोंदीत, त्या फोल्डरचा पत्ता लिही. स्वतःचेच सिक्वेन्स ताडायचे असतील, तर तुझ्या फास्टा फाइलवर (सिक्वेन्स लिहिलेली साधी मजकूर फाइल) ब्लास्टसोबतच येणारी ‘मेकब्लास्टडीबी’ (makeblastdb) ही आज्ञा चालव; ती त्यातून तुझा स्वतःचा डेटाबेस बनवते. मग डेटाबेस उतरवायची गरजच नाही.