क्लॉकशिवायचं सर्किट शिकताना

निपाणीहून बेळगावात शिकायला आलास आणि क्लॉक, म्हणजे सगळ्या सर्किटला ताल देणारा सिग्नल, नसलेल्या सर्किटांत रस घेतोयस, याचा मला मनापासून आनंद आहे. वर्कक्राफ्टपासून सुरुवात कर. न्यूकॅसल विद्यापीठात तयार झालेलं, अशी सर्किटं रेखाटायचं आणि तपासायचं हे साधन फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. कॉलेजच्या लॅबची वाट बघायला नको.

पहिलं सर्किट सी-एलिमेंटच घे. दोन्ही इनपुट १ झाले की आउटपुट १, दोन्ही ० झाले की ०, एरवी आधीचंच टिकतं. त्याचा सिग्नल ट्रान्झिशन ग्राफ, म्हणजे कुठला सिग्नल कशानंतर बदलतो याची आकृती, आधी वहीत काढ, मग स्क्रीनवर. लगेच सिंथेसिसकडे, म्हणजे ग्राफवरून गेट काढण्याकडे, धावू नकोस. कन्सिस्टन्सी (प्रत्येक सिग्नल आळीपाळीनंच चढतो-उतरतो ना), डेडलॉक (कुठं अडकून तर पडत नाही ना), आउटपुट पर्सिस्टन्सी (होऊ घातलेला आउटपुटचा बदल मध्येच रद्द तर होत नाही ना) तपासून घे. पुढं सीएससी (कम्प्लीट स्टेट कोडिंग) कॉन्फ्लिक्ट भेटेलच: दोन अवस्थांत सगळे सिग्नल सारखे, पण आउटपुटनं करायचं वेगळं. पेट्रिफाय हे वर्कक्राफ्टमधून चालणारं सिंथेसिसचं साधन तिथं आतला एक नवा सिग्नल घालून देतं. तो नेमका कुठं घातलाय हे स्वतः बघ, सर्किटच्या वेगावर त्याचा परिणाम होतो.

गेट मिळाले की एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे सर्किटला इनपुट देणाऱ्या बाहेरच्या भागाचा, ग्राफ जोडून पुन्हा पडताळणी कर. हे टाळू नकोसच. व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) सिम्युलेशन तू दिलेल्या विलंबांपुरतंच सांगतं, हॅझार्ड, म्हणजे सिग्नलची नको ती क्षणिक उसळी, भलत्याच विलंबाला उपटतो. अडलास तर रविवारी टिळकवाडीत ये, लॅपटॉप घेऊन.