आमदाराने फेसबुकवर ब्लॉक केलं, असं करता येतं का? यांना काही नियम आहेत की नाही?

खड्ड्यांचे फोटो कमेंटमध्ये टाकले म्हणून ब्लॉक झालात ना, वाचून हसू आलं, सॉरी. नियम आहेत हो, पण बरेचसे एकतर निवडणुकीपुरते नाहीतर सभागृहापुरते.

निवडणूक आयोगाने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगून टाकलं की उमेदवाराने अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे फॉर्म २६ मध्ये, आपली सोशल मीडिया खाती लिहायची. सोशल मीडियावर जाहिरात द्यायची तर आधी आयोगाच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून पास करून घ्यायची, आणि पोस्टी बनवणाऱ्या पोरांचा पगारसुद्धा निवडणूक खर्चात दाखवायचा. पण स्वतःच्या अकाउंटवरची साधी पोस्ट जाहिरात धरत नाहीत, तिला परवानगी लागत नाही. मी आमच्याकडच्या एकाचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या साइटवरून काढून बघितलं, फोन नंबरच्या शेजारीच फेसबुकचं नाव लिहिलेलं, उघडलं तर शेवटची पोस्ट दिवाळीच्या शुभेच्छांची, तीही तीन वर्षांपूर्वीची. रोज वाढदिवसाचे बॅनर पडतात ते पेज कुठल्यातरी युवा मंचाच्या नावावर, त्याचा कागदावर पत्ताच नाही!

सभागृहात मात्र लगेच दणका बसतो. २०१६ मध्ये तेव्हाचे खासदार भगवंत मान यांनी संसदेत शिरतानाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला, किरीट सोमय्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि मान त्या हिवाळी अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांसाठी निलंबित. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्राच्या खासदार रजनी पाटील राज्यसभेतल्या गोंधळाचा व्हिडिओ ट्विटरवर गेला म्हणून निलंबित झाल्या, ते ऑगस्टमध्ये मागे घेतलं. आणि एक, आमदार सभागृहात जे बोलतो त्यावर कोर्टात खेचता येत नाही, कलम १९४, पण तेच घरी बसून फेसबुकवर लिहिलं तर हे संरक्षण नाही, तुमच्याआमच्यासारखीच बदनामीची केस होऊ शकते.

आता ब्लॉकचं. लोकप्रतिनिधीने नागरिकाला ब्लॉक करू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कसोटी घालून दिली, त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार होता का आणि ती पोस्ट त्याने तो अधिकार वापरून टाकली का, दोन्हीला हो असेल तरच ब्लॉक करणं घटनेच्या विरुद्ध धरता येतं. इथे गंमत बघा, राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जीआर काढून कर्मचाऱ्यांना सांगितलं की वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवा, सरकारच्या धोरणावर टीका करू नका. म्हणजे तलाठ्याला हे सगळं लागू, आमदाराला नाही.

तुम्ही असं करा, खड्ड्याचा अर्ज लेखी द्या, एक प्रत आमदाराच्या कार्यालयात आणि एक रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या खात्यात, दोन्हीकडे पोच म्हणून शिक्का मारून घ्या. शिक्क्याला ब्लॉक करता येत नाही.