जमिनीखालचं वय कोण मोजतं?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: पालिका कुठलं काम कधी काढायचं ते कशावरून ठरवते? त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या सेक्टरमध्ये गटार कधी तुंबत नाही. तरीही मलवाहिनी बदलायची म्हणून रस्ता उकरला आहे. चालू वाहिनी बदलणं म्हणजे पैशांचा चुराडा नाही का? (वाशी)

मलवाहिनी तुंबते तळाशी, पण मोडते वरून. सांडपाणी संथ वाहिलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. पाइपाच्या ओल्या छतावरचे जिवाणू या वायूचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खातं. छताचं काँक्रीट भिजलेल्या खडूसारखं होतं, बोटाने खरवडलं तरी निघतं, मग आतली सळई उघडी पडते. तळ मात्र शाबूत असतो आणि पाणी जात राहतं, म्हणून वर कुणालाच पत्ता लागत नाही. शेवटी छत बसतं, वरची माती पाइपात उतरते आणि रस्त्याला भगदाड पडतं.

नवी मुंबईत हा धोका जास्त, कारण बरीचशी जमीन भरावाची आणि सपाट आहे. उतार हवा तर पाइप खोल न्यावा लागतो. उतार कमी पडला आणि पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला, तर गाळ बसतो आणि वायूही वाढतो. शिवाय सिडकोने, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने, नोड (वाशी, ऐरोलीसारखी उपनगरं) टप्प्याटप्प्याने वसवले, त्यामुळे एका नोडमधल्या वाहिन्या साधारण एकाच वयाच्या आहेत. थकतील त्याही पाठोपाठच. सगळ्या एकदम मोडेपर्यंत थांबलं तर तेवढा पैसा एका वर्षात कुठलीच पालिका उभा करू शकत नाही. त्यामुळे चालू वाहिनी बदलण्यात गैर काही नाही. ती तपासून बदलली जाते आहे का, हे मात्र जरूर विचारा.

तपासणी कॅमेऱ्याने होते. वरच्या बाजूचा प्रवाह अडवतात, जेटिंग मशीनने वाहिनी धुतात आणि चाकांवरचा कॅमेरा एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत नेतात. चित्रणावर अंतराचा आकडा दिसत असतो, म्हणजे दोष कितव्या मीटरला आहे ते कळतं. छत झिजलंय पण पाइपाचा गोल आकार टिकून आहे, अशा वेळी आतून अस्तर लावून काम भागतं आणि रस्ता फोडावा लागत नाही. आकार चपटा झाला असेल तर पाइप बदलण्याला पर्याय नाही. विभाग कार्यालयात चेंबर क्रमांक सांगून हे चित्रण पाहायला मागा. चेंबरमध्ये उन्हाळ्यातही वाळू येणं, दोन चेंबरच्या मधोमध रस्ता खचणं, एकाच ठिकाणी वारंवार सफाई करावी लागणं, यातलं काही दिसलं तर चित्रणाची वाट न पाहता लेखी कळवा.

धारण तलाव असूनही सेक्टरमध्ये पाणी भरतं. तलावातला गाळ काढून टाकला की झालं, मग अडतं कुठे? (सीबीडी बेलापूर)

आधी तलावाचं काम समजून घेऊ. इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरती चढली की तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी असलेली झडप पाण्याच्या दाबानेच बंद होते आणि ओहोटीला उघडते. मधल्या काही तासांत पडलेला पाऊस तलावात साठतो. हिशेब करून पाहा: १०० हेक्टर परिसरावर तासाला ५० मिमी पाऊस सलग तीन तास पडला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर ते होतं दीड लाख घनमीटर. तलाव १० हेक्टरचा असेल तर पाणी दीड मीटर चढतं. त्यात मीटरभर गाळ असेल तर एक लाख घनमीटरची जागा आधीच गेलेली असते. मग उरलेलं पाणी रस्त्यावर येणारच.

हा गाळ मुख्यतः खाडीतून येतो. झडपेचं रबर झिजतं, बिजागरी गंजते, किंवा लाकडाचा ओंडका अडकून झडप वीतभर उघडी राहते. रोज दोन वेळा भरतीचं गढूळ पाणी त्या फटीतून आत येतं आणि गाळ टाकून जातं. त्याच पाण्याबरोबर कांदळवनाच्या शेंगा येतात, गाळात रुजतात, आणि काही वर्षांत तलावाचं कांदळवन होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालामुळे राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे. सार्वजनिक कामासाठीही किनारा क्षेत्र प्राधिकरणाची आणि न्यायालयाची परवानगी लागते. कांदळवनाला हे संरक्षण हवंच. चूक झाली ती आधी, झडप फटीत उघडी राहिली तेव्हा.

म्हणून आमच्या मते क्रम असा हवा: झडपा एप्रिलमध्येच तपासाव्यात, रबर आणि बिजागऱ्या बदलाव्यात, तोंडाशी कचरा अडवणारी जाळी बसवावी, पंप डिझेलवर चालवून पाहावेत. गाळ काढणं त्यानंतर. तोंड गळकं ठेवून काढलेला गाळ काही भरत्यांत पुन्हा जमू लागतो. झडप बरोबर आहे का, हे तुम्हालाही पाहता येतं. कोरड्या दिवशी, पूर्ण भरतीच्या वेळी तलावाकडच्या बाजूला उभे राहा. आत पाण्याची धार दिसली तर झडप गळते आहे.

फुटपाथचे पेव्हर ब्लॉक वर्षभरात खालीवर होतात. ब्लॉकच हलके असतात का? (ऐरोली)

क्वचित. बहुतेक वेळा दोष खालच्या थरात असतो. पायी चालण्यासाठी ६० मिमी आणि गाड्या चढतात तिथे ८० मिमी जाडीचा ब्लॉक लागतो. त्याखाली २५ ते ४० मिमी वाळू आणि तिच्याखाली नीट दाबलेली खडी. बुजवलेला खड्डा सपाट दिसावा म्हणून वाळूच जास्त ओततात, आणि पावसात ती निघून जाते. कडेचा दगड पक्का नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात.

डिसेंबरमध्ये डांबरीकरण, मार्चमध्ये जलवाहिनीसाठी खोदाई. हे आधी कळत नाही? (नौपाडा, ठाणे)

कळू शकतं, पण त्यासाठी जमिनीखालच्या मालमत्तेची एकच नोंदवही हवी: कुठली वाहिनी, कोणत्या वर्षीची, किती व्यासाची, कशाची, किती खोल. ती नसेल तर बांधकाम विभाग वरचा पृष्ठभाग पाहून अंदाजपत्रक करतो, पाणीपुरवठा विभाग गळतीच्या तक्रारी पाहून, आणि गॅस, वीज, केबलवाले आपापल्या परवानग्या घेऊन येतात. डांबरीकरणाच्या फाइलवर या सगळ्यांचा ‘पुढची तीन वर्षं खोदाई नाही’ असा लेखी अभिप्राय घेतला, तर निम्मा प्रश्न सुटेल.

खोदाई झालीच तर चर भरताना लक्ष ठेवा. निघालेली चिखलमाती एकदम लोटून वरून रोलर फिरवला तर पहिल्या पावसात तिथे नाली पडते. पाइपाभोवती वाळू, त्यावर २०० मिमीपेक्षा जाड नसलेले थर, प्रत्येक थर दाबलेला, वर खडीचे थर, मग डांबर. डांबराची कड कटरने सरळ कापून उभ्या कडेलाही पातळ डांबर लावायला हवं. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

आमच्या गल्लीचं पावसाळी गटार पुढच्या अर्थसंकल्पात यावं यासाठी केव्हा, कुठे जायचं? (घणसोली)

दिवाळीनंतर लगेच. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि आयुक्त अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडतात, म्हणजे विभागांच्या मागण्या त्याआधी गोळा होतात. मार्चमध्ये दिलेला अर्ज वर्षभर मागे पडतो. अर्जात गटाराची लांबी, सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण, पाणी किती इंच आणि किती तास साचतं, तारखेसह फोटो द्या. हे पाणी पुढे कुठल्या नाल्याला मिळतं तेही लिहा, कारण नवं गटार अरुंद जुन्या गटाराला जोडलं तर पाणी फक्त पुढच्या गल्लीत सरकतं.

अर्थसंकल्पात कामाचं नाव आलं म्हणून निर्धास्त राहू नका. कित्येकदा फक्त टोकन तरतूद असते, म्हणजे शीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) जिवंत राहावं इतपत रक्कम. तरतुदीचा आकडा पाहा आणि त्या शीर्षावर जुन्या कामांचं दायित्व किती आहे ते विचारा; आधीची देणीच तरतुदीएवढी असतील तर नव्या कामाला पैसा उरत नाही. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) असे टप्पे आहेत. कार्यादेश जानेवारीनंतर निघाला तर काम पावसाळ्याआधी पुरं होणं अवघड.

फाइल कुठे अडली ते कळत नसेल तर माहिती अधिकारात जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना भरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. काम सुरू झाल्यावर याच कायद्याने कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. मोजमाप वहीची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत, दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती आहे आणि तो कोणत्या तारखेला संपतो, एवढं तरी मागाच. त्या तारखेच्या दोन महिने आधी गटाराची झाकणं उघडून पाहायला लावा, म्हणजे तडे असतील तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.