रोज एक फोटो काढायचा संकल्प तिसऱ्या आठवड्यात मोडतो. काय करावं?

नोकरी सांभाळून रोज एक चांगला फोटो काढायचं ठरवता, पण ते टिकत नाही; चांगला कॅमेरा घेतला तर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्हीकडचा ‘चांगला’ आधी काढून टाका.

मीही असाच आपटलो होतो. एक जानेवारीला ३६५ फोटोंचा संकल्प, त्यासाठी सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा), आणि मग रात्री दहा वाजता ‘आज काय काढू’ म्हणत मिठाच्या बरणीचे फोटो. (त्याच वर्षी सातारा हिल मॅरेथॉनही पळणार होतो. तो बेत यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच वळणावर बसला.) पावसाळ्यात कॅमेरा बॅगेतच राहिला. दिवाळीला काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कॅमेरा घेणारच असाल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्याही घ्या.

पुढच्या वेळी फोनच वापरला, आणि विषय ठरवून टाकला : मी जिथे सकाळी एसटीची वाट बघतो, तिथल्या समोरची काटेसावर. वेगळा वेळ काढायचा नाही, वेगळं सुचायचं नाही. पहिले पंधरा दिवस कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. मग एकेक दिसायला लागलं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. त्यामुळे त्याच सव्वाआठला हिवाळ्यात झाडाची सावली लांब पडते आणि उन्हाळ्यात आखूड. पानं झडून झाड उघडंबोडकं होतं, फेब्रुवारीत लाल फुलं येतात, आणि मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची नुसती झुंबड. उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस माझ्या शर्टावर.

या फुलांनी मला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, शिकवलं. मागे उजळ आकाश असलं की फूल काळं पडतं. फोनच्या स्क्रीनवर फुलावर बोट ठेवून उजेड वाढवला तर लाल रंगाचा नुसता डाग होतो, पाकळीवरच्या रेषा जातात. आता मी बोट दाबून फोकस लॉक करतो आणि उजेड किंचित खाली ओढतो. हे एकाच झाडाचे चाळीसेक फोटो बिघडवल्यावर कळलं. रोज नवा विषय शोधत बसलो असतो तर कळलं नसतं.

खाडे होतात. तापात पडलो होतो, एकदा एसटी चक्क वेळेवर आली. त्या दिवसाची जागा मी रिकामीच ठेवतो. दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढून हिशेब जुळवत नाही. गेल्या वर्षी ३६५ पैकी २७१ झाले.

तुम्ही रोज नाइलाजाने कुठे थांबता? लिफ्टपाशी, सिग्नलला, शाळेच्या फाटकाशी? तिथूनच सुरू करा. माझ्या थांब्यावरचा चहावाला हल्ली मला बघितलं की आधी हजेरी घेतो, “आज उशीर केलात, राघू आत्ताच उडाले.”