आधी छर्रे, मग रंग : जुन्या सायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, काकांची वाकड्या हँडलची दहा गिअरची रॅले आहे, इंग्लंडहून आणलेली. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा ती पण बुडाली, नंतर नुसती धुवून ठेवली ती आत्ता बाहेर काढली. सीटचा दांडा जाम आहे, हलतच नाही. फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करायचं ठरवलंय, कुपवाड एमआयडीसीत रेट पण काढलाय. बाकीची कामं नंतर केली तर चालतील ना? – एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : नाही चालणार, पार उलटं ठरवलंय तुम्ही. पुराचं पाणी बाहेरून धुतलं जातं पण गाळ फ्रेमच्या नळ्यांतून उतरून खाली बीबीच्या, म्हणजे पॅडलचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या घरात बसतो, आणि तिथे तो ओल धरून ठेवतो, म्हणजे बाहेर चकाचक रंग आणि आतून गंज चालूच. आधी पूर्ण सायकल खोला. फ्रेम उघडी झाली की जोडांपाशी, मागच्या चाकाच्या खाचांपाशी आणि हँडलच्या खालच्या तिरक्या नळीवर बोट फिरवून बघा. या तिरक्या नळीवर फुगवटा किंवा रंगात आडवी चीर दिसली तर कधीतरी समोरून जोरात धडकलीय समजा. मग दोरा घ्या, मागच्या एका खाचेपासून पुढे हेडच्या नळीला (हँडल जिच्यात फिरतं ती) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एखाद दोन मिमीचा फरक असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर रंगाचे पैसे आधी फ्रेम सरळ करण्यावर घाला.

बीबी खोलताना एक लक्षात ठेवा, चेनच्या बाजूची वाटी (जिच्यात बेअरिंगचे छर्रे बसतात ती) उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. डावं पॅडलही तसंच. पोरं इथेच जोर लावून आटे मारतात. आणि इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनलेल्या बऱ्याच जुन्या रॅलेंना बीबीला इंचाला २६ आटे असतात, बाकी इंग्लिश पद्धतीच्या फ्रेमला २४, त्यामुळे जुनी वाटी शाबूत असेल तर जिवापाड जपा, दुकानातली नवी बसेलच असं नाही. छर्रे मात्र सरसकट नवे टाका, पाव इंची, सुटे असतील तर बहुतेक एका बाजूला ११, किरकोळ खर्च आहे.

आता दांडा. तो ऍल्युमिनियमचा असेल तर लोखंडाच्या नळीत पाण्यामुळे दोन धातूंची आपसात रासायनिक क्रिया होऊन पांढरी भुकटी धरते, आणि तीच त्याला आवळून ठेवते. बीबी काढलेली असेलच, तर फ्रेम उलटी टांगून बीबीच्या भोकातून सीटच्या नळीत गंज सोडवायचं तेल सोडा, चार दिवस रोज थोडं थोडं. गॅसने दांडाच तापवू नका, ऍल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं म्हणजे तो अजून घट्ट होणार, त्यापेक्षा दांड्यावर बर्फ धरा. मग दांड्याचं डोकं व्हाइसमध्ये पकडून फ्रेमच हळूहळू दोन्हीकडे फिरवा, हातोडा नको. कोणी कॉस्टिक सोडा ओतायला सांगेल, तो ऍल्युमिनियम खातो आणि लोखंडाला काही करत नाही हे खरं, पण रंग जातो, हायड्रोजन निघतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून घरच्या घरी तरी मी नाहीच म्हणेन.

आतून नळ्या धुवून उन्हात कोरड्या करा आणि पेंटर वापरतात ते उकळलेलं जवसाचं तेल आत फिरवा. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका हां, आपोआप तापून पेट घेतात, उघड्यावर पसरून वाळवा.

एवढं करून सायकल चालायला लागली की मग रंगाचं बघा. माझं विचाराल तर सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं (हलक्या पोलादी नळ्यांचा नामांकित प्रकार) स्टिकर असेल तर ब्लास्टिंगला हातच लावू नका, नळ्या पातळ असतात, आणि पावडरचा जाड थर जोडांची नक्षी बुजवून टाकतो. जुना रंग पॉलिश करून ठेवा, ओरखडे राहिले तर राहू देत की!

प्रश्न : माझ्या जुन्या रेसरला २७ इंची टायर आहेत. दुकानदार म्हणतो साडेसत्तावीसचा टाकू, तेवढ्यात काय फरक पडतोय. यवतेश्वर घाट चढायचाय हिच्यावर. – शाहूपुरी, सातारा

उत्तर : फरक पडतो, टायर चढणारच नाही. जुन्या २७ च्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६३० मिमी, आणि साडेसत्तावीस म्हणजे ५८४, आकडे नुसते ऐकायला जवळ वाटतात. टायरच्या कडेला ३२-६३० असं छापलेलं असतं, तेच बघून मागवा, अजून बनतात. नाहीतर ७०० सी मापाची ऍलॉय चाकं टाका, ६२२ मिमी. रिम ४ मिमी खाली जाते तेवढे ब्रेकचे रबर खाचेत खाली सरकतात का ते आधी तपासा आणि नवं चाक मावेल का त्यासाठी मागच्या खाचांमधलं अंतर मोजा, मागे पाच गिअर असलेल्या जुन्या फ्रेमला बहुतेक १२० मिमी असतं.

तुमच्या रिम क्रोमच्या लोखंडी असतील तर मी चाकंच बदला म्हणेन. चढायचं सोडा हो, पावसात यवतेश्वरहून उतरताना ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक धरतच नाही, बोगद्याकडची वळणं येईपर्यंत तुम्ही नुसते लिव्हर दाबत बसाल.

प्रश्न : पॅडलचा क्रँक आसाला पक्का धरणारी कॉटर पिन ठोकून वाकली, आता निघत नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, क्रँकखाली पिनेच्या जागेपासून जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा टेकू लावा, नाहीतर प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर जातो. पिनेचं वाकलेलं टोक कापून टाका, डिझेल सोडून रात्रभर ठेवा, मग जाड पंच लावून एकच जोरदार घाव. तरी नाही निघाली तर ड्रिल. नवी पिन त्याच मापाची आणा, ९ आणि साडेनऊ मिमी दोन्ही मिळतात, जुनी सोबत न्या.