टीएलडी बॅज (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) लेड एप्रनच्या, म्हणजे शिशाच्या एप्रनच्या, आत लावायचा की बाहेर?

आत, छातीवर. एप्रनमधून पार होऊन अंगाला किती रेडिएशन लागलं, तेच त्याला मोजायचं असतं. बाहेर लावलात तर आकडा उगाच फुगतो आणि मग खुलासे लिहीत बसा.

मी इंदूरला एक्स-रे टेक्निशियन आहे. एकदा बॅज एप्रनलाच टोचलेला राहिला आणि एप्रन रात्रभर एक्स-रे खोलीतल्या खुंटीवर. दुसऱ्या दिवशी मी रजेवर, बॅज मात्र ड्यूटीवर! त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. त्या रेडिएशनची ऊर्जा साठवतात आणि लॅबमध्ये तापवल्यावर उजेडाच्या रूपात सोडतात. त्या उजेडावरून डोस काढतात. चकतीला काय कळणार, तुम्ही खोलीत होतात की घरी पोहे खात होतात? कंट्रोल बॅज (कुणी न लावलेला, तुलनेसाठीचा) तर त्या खोलीपासून लांबच ठेवा, नाहीतर सगळ्यांचाच हिशोब चुकतो.

या कामातल्या लोकांसाठी डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही.

पीथमपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या तुमच्या भावाला आवाज मोजायचं यंत्र कुठे लावायचं, असं विचारलंत, तर आवाजाच्या डोसीमीटरचा माइक खांद्यावर, कानाजवळ लावतात, खिशात नाही. मर्यादा ९० डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ९५ला चारच.