लिव्हरच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून कुठला ब्लॉक चांगला?

तुमच्या बाबांचं लिव्हरचं ऑपरेशन दुर्बिणीतून होणारे आणि टॅप, ईएसपी, क्यूएल या तिघांतला कुठला ब्लॉक (म्हणजे नसांच्या वाटेवर सुईने बधिर करायचं औषध सोडणं) घ्यावा असं विचारलंय. मी फोंड्यात भूल देण्याचंच काम करतो, म्हणून लिहितोय.

आधी सर्जनला विचारा, कापलेला तुकडा कुठून बाहेर काढणार? भोकं बारीक असतात, लिव्हरचा मोठा तुकडा त्यातून येत नाही, त्याला वेगळा छेद लागतो आणि बरेच जण तो ओटीपोटावर, सिझेरियनसारखा आडवा घेतात. बरगडीखालून दिलेला टॅप वरच्या पोटाला मस्त चालतो पण तिथपर्यंत पोचत नाही, मग पेशंट कण्हतो आणि ब्लॉक फेल गेला म्हणून बोंब होते.

टॅपमध्ये सोनोग्राफीवर बघत पोटाच्या स्नायूंच्या थरांत औषध सोडतात, सुई नीट बसली की दोन थरांमध्ये काळी पट्टी पसरताना दिसते. पण तो पोटाच्या भिंतीपुरता, आतली कळ त्याने जात नाही. ईएसपी पाठीतून देतात, 2016 पासूनचा, औषध पुढे झिरपून आतल्या दुखण्यालाही उपयोग होईल अशी आशा असते, पण झिरपणं सगळ्यांत सारखं नाही, एकाला झक्कास तर दुसऱ्याला ढिम्म फरक नाही. क्यूएल कमरेच्या बाजूने, खोल, कधीकधी मांडीतली ताकद कमी होते, पहिल्यांदा उठवताना कोणीतरी धरायला हवं.

आणि पेज प्यायला उठून बसले की खांदा धरतील, घाबरू नका. पोटात भरलेल्या गॅसमुळे छातीपोटामधला पडदा चिडतो आणि दुखतं खांद्यात, तिथे या तिघांचाही उपयोग नाही.

एपिड्युरल (पाठीतून मणक्यात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, ठेवून देतात ते औषध) मी यात टाळतो, कारण लिव्हरचा मोठा भाग गेला की काही दिवस रक्त नीट गोठत नाही आणि कॅथेटर काढताना मणक्यात रक्त साचायची भीती.

मी असतो तर दोन्ही बाजूंनी टॅप, खालच्या छेदाला टाके घालताना सर्जनकडूनच औषध टोचून घ्यायचं, आणि पॅरासिटामॉल वेळेवर, पण डोस किती लिव्हर उरलं ते बघून. ब्लॉकचं औषधसुद्धा लिव्हरच पचवतं ना, म्हणून तेही मोजूनच. एकदा दिलेला ब्लॉक बहुतेक त्याच रात्री उतरतो, तेव्हा पुढची गोळी कधी ते नर्सला संध्याकाळीच विचारून ठेवा.

बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर भूलतज्ज्ञांना आत्ताच सांगा, क्यूएल खोल असल्यामुळे तो मग बहुतेक देणारच नाहीत.